पाठमोऱ्याचं नववं चित्र

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. मोजणारे मरून गेले आणि गोष्ट तेवढी उरली. लहानांनो, जवळ सरकून बसा. आणि मोठ्यांनो, आपण ऐकतच नाही असं सोंग करू नका. ही गोष्ट पोरांपेक्षा तुमचीच जास्त आहे.

एका डोंगरी मुलखात, खोऱ्याच्या अगदी शेवटाला, टोकवाडी नावाचं गाव होतं. गावाच्या अलीकडे रस्ता, पलीकडे नुसतं रान. चाळीस उंबरे, एक विहीर, आणि मधल्या मोकळ्या जागेत मोहाचं एक मोठं झाड.

या गावाची एक रीत होती. थंडी सरली की आपण गोधड्या उन्हात टाकतो ना, तशी ही माणसं वर्षातून एकदा मनातली भीती उन्हात टाकत. रानाच्या कडेला राहायचं म्हणजे भीती साठतेच. ती आत कोंडून ठेवली की कुबट वास मारते, असं जुनी माणसं म्हणत.

त्यासाठी चैत्रात गणबा चित्रकथी येई. त्याच्या पोतडीत कागदावर रंगवलेली आठ चित्रं असत. दर वर्षी गोष्ट नवी, पण भीतीचीच. भरदुपारी, लख्ख उन्हात, अख्खं गाव मोहाखाली बसे. गणबा एकेक चित्र वर धरून गाई, त्याची बायको टाळ धरी, आणि आठव्या चित्रापर्यंत भल्याभल्यांची पाचावर धारण बसे.

मग गणबा गप्प होई. एक कोरा कागद पुढे ओढी, समोरच्या तोंडांवरून नजर फिरवी आणि सगळ्यांच्या देखत नववं चित्र काढी. त्या नवव्या चित्रात गोष्टीतल्या सगळ्यात भयंकर जिवाला गावातल्याच कुणाचं तरी तोंड असे. एका वर्षी राक्षसाला म्हाताऱ्या सुईणीचं तोंड. एका वर्षी लांडग्याला गुराख्याचं तोंड. गाव हसून हसून लोळे, सुईण स्वतः पदर तोंडात कोंबून हसे, आणि माणसं हलकी होऊन घरी जात. याला ते 'भीती उतरवणं' म्हणत.

याच्या बदल्यात ज्याने त्याने आपापल्या घरचं काही आणून द्यायचं. कुणी शेरभर नाचणी, कुणी सुपली, कुणी कोंबडी.

तर या गावात येमू नावाची तेलीण होती. नवरा खंडू घाणा चालवी, येमू पेंड उकरी, तेल गाळी. त्यांना सात वर्षांची एकच लेक, दुरपा. येमू स्वभावाने वाईट नव्हती हो. पण धीर म्हणून नाही. ताटावर बसली की आधी गोड संपवणारी बाई. गणबाला तिच्या घरून तांब्याभर तेल जाई आणि दर वर्षी ते ओतताना ती पुटपुटे.

पुटपुटायला कारण होतं, तेही सांगतो. गणबा दसऱ्याला निघे. आधी राजधानी, मग बाजारपेठेची गावं, मग खोऱ्यातली एकेक वाडी. टोकवाडी सगळ्यांत शेवटी. तोवर बाजारात गेलं की बाहेरगावच्या बाया चिडवत.

"या वर्षीचा पाठमोरा पाहिलास का गं येमू?"

"कोण पाठमोरा?"

"अगंबाई, तुमच्याकडे अजून आलाच नाही का तो? जाऊ दे, सांगत नाही. तुझी झोप उडायची."

येमू बाजारातून परत येताना सगळी वाट धुमसत आली. आपण काय खरकट्याचे धनी? सगळ्या मुलखाने चाटून पुसून घ्यायचं आणि मग आमच्या पुढ्यात? घरी येऊन तिने खंडूला ऐकवलं. खंडू म्हणाला, "अगं, पंधरा दिवसांत येईल तो." पंधरा दिवस म्हणजे येमूला जन्म वाटला.

आणि नेमका त्याच आठवड्यात गावात सुईवाला आला.

सुया, दाभणं, बिब्बे विकत फिरणारा हा माणूस. बोलणं असं, की साखर पेरत चालला आहे. येमूने दोन सुया घेतल्या तसा तो आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, सुईबरोबर एक फुकटची चीज आहे. दार लावून घ्या, म्हणजे दाखवतो."

त्याने पिशवीतून आठ पांढरी फडकी काढली. त्यावर कोळशाच्या ठिपक्यांनी चित्रं उमटली होती. गणबाची या वर्षीची चित्रं. माणसं, विहीर, आणि बाजारात ऐकलेला तो पाठमोरा.

"ही कशी मिळाली तुला?" येमूने विचारलं.

"गणबा दुपारचा झोपतो. पोतडी झाडाला टांगलेली असते. चित्राखाली फडकं धरायचं, रेघेरेघेवरून सुई टोचत जायचं, वरून कोळशाची पूड चोळायची. झालं. त्याचं चित्र त्याच्या पोतडीत परत. त्याचं काय गेलं? रंगाचा कण गेला नाही."

येमूला ते पटलं. पटायचं तर होतंच. ज्याला तहान लागली आहे तो पाणी कुणाच्या रांजणातलं, ते विचारत नाही.

सुईवाला घरोघरी फिरला. गावात कुणी कुणाला विचारलं नाही, पण प्रत्येकाच्या मनात आपलं आपलं कारण तयार होतं. पाटील म्हणाला, "आम्हाला शेवटी ठेवतो ना, भोग म्हणावं." एक म्हातारी म्हणाली, "शेरभर नाचणी आणायची कुठून मी?" तिचं मात्र खरं होतं. एक जण म्हणाला, "मी एकट्याने पाहिलं नाही तर सुईवाला उपाशी मरणार आहे का? सगळेच बघतात." आणि नववं चित्र? त्याचं काय मोठं, सगळे म्हणाले. ती तर हसायची गंमत. गोष्ट असते ती आठ चित्रांत.

फुकट ते पौष्टिक, म्हणतात ना. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं चाळीस घरांनी दारं मिटून घेतली.

येमूनेही भरदुपारी दार लावलं. खिडकीला घोंगडी अडकवली. दिवा लावला. दुरपाला मांडीवर घेतलं आणि एकेक फडकं उलगडलं. गाणं नव्हतं, टाळ नव्हते, रंग नव्हता. काळे ठिपके होते आणि दिव्याची हलती ज्योत.

पहिल्या चित्रात एक माणूस विहिरीवर पाठमोरा उभा. दुसऱ्यात तो एका घराच्या मागे उभा, पाठमोराच. चौथ्या चित्रात त्याने हाक मारली होती, आणि सुईवाल्याने सांगितलं होतं, की ती हाक घरातल्या आईच्या आवाजात. पोर धावत सुटलेलं. सहाव्यात पोर दिसत नव्हतं, नुसती त्याची चप्पल. आठव्यात तो वळत होता. एक कान दिसत होता आणि गालाची कड. बस.

"आई, तोंड कसं आहे त्याचं?" दुरपाने विचारलं.

"गणबा काढेल तसं असेल."

"आणि तो आईच्या आवाजात कशी हाक मारतो?"

येमू हसली आणि फडकी गुंडाळून फळीवर टाकली. तिच्या अंगावर छान काटा आला होता. दुरपा हसली नव्हती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पंधरा दिवस भरले तसा गणबा आला. मोहाखाली त्याने चित्रं मांडली, टाळ वाजले. येमू घाण्यावर होती. तिने मनात म्हटलं, जातील बाकीचे. मी आठ चित्रं पुन्हा बघायची आणि वर तांब्याभर तेल द्यायचं, कशाला? चाळीस घरांत चाळीस जणांनी हेच म्हटलं. उन्हं कलली तरी मोहाखाली गणबापुढे पानगळीशिवाय काही नव्हतं.

मग टाळ थांबले. थोड्या वेळाने येमू परसदारी आली आणि दारातच थांबली. विहिरीवर एक माणूस उभा होता. पाठमोरा.

"बाई, पाणी मिळेल का घोटभर?" तो म्हणाला आणि वळू लागला. कान दिसला. गालाची कड दिसली.

येमूने दार धाडकन लावून घेतलं आणि अडसर घातला. बाहेरून ओळखीचा खोकला ऐकू आला तेव्हा तिला कळलं, तो गणबा होता. पण आता दार उघडायचं कोणत्या तोंडाने? ती दाराला पाठ लावून उभी राहिली. पावलं दूर गेली. गणबा पोतडी घेऊन, कोरा कागद तसाच घेऊन, पाणी न पिता गावाबाहेर पडला.

खरी भीती सुरू झाली ती त्यानंतर.

आधी बाया एकेकट्या विहिरीवर जायच्या बंद झाल्या. मग कुणी कुणाला मागून हाक मारली की माणूस दचकून अंगावर यायचा. दोघं भाऊ वाटेने चालले तर पुढे कुणी चालायचं यावरून भांडत. कारण मागच्याला पुढच्याची पाठ बघावी लागे. अंधार पडायच्या आधीच गाव घरात. आणि गंमत अशी, की कशाला भितोस ते कुणी कुणाला सांगत नसे. सांगायचं तर फडकं पाहिल्याचं सांगावं लागलं असतं.

मोठी माणसं कशीबशी निभावत होती. दुरपाचं निभेना.

तिला घाण्याजवळ बसवेना. बैल गोल फिरे, खंडू त्याच्या मागे फिरे. अर्धा फेरा बापाचं तोंड दिसे, अर्धा फेरा पाठ. पाठ आली की दुरपा डोळे मिटून घेई आणि तोंड पुन्हा येईपर्यंत श्वास धरून बसे. खंडूने घाणा उलटा फिरवून पाहिला. पाठ काय, उलट्या फेऱ्यातही येतेच.

येमूने तिला समजावलं. "अगं, त्याचं तोंड एका हसऱ्या आजोबांचं होतं. बिचारे वाट चुकले होते."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं नाही, पण..."

"मग तुला काय माहीत?" दुरपा म्हणाली. ती चिडून बोलली नाही, म्हाताऱ्या माणसासारखं बोलली. त्याचं येमूला जास्त भय वाटलं.

आणि मग तो दिवस आला. दिवेलागणीची वेळ, दुरपा अंगणात दिसेना. येमू परसात गेली आणि तिने हाक दिली, "दुरपा, ए दुरपा."

गंजीमागे सळसळ झाली. दुरपा उठली आणि धावत सुटली. घराकडे नाही, रानाकडे. येमू मागे धावली, हाका मारत राहिली. जितकी मोठी हाक, तितकी पोर लांब. आपल्या आवाजापासून आपली लेक पळते आहे, हे येमूला उमगलं, तरी तिच्या तोंडून हाक सुटतच राहिली. खंडूने धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, "हाक मारू नकोस. तुझ्या पाया पडतो, हाक मारू नकोस."

दोघांनी मुक्याने शोधलं. करवंदीच्या जाळीत, काट्यांनी ओरबाडलेली, ती सापडली. येमूने तिच्या समोर जाऊन, दोन्ही हातांनी आपलं तोंड उजेडाकडे धरलं, तेव्हा कुठे ती आली. जाळीच्या पुढे चार पावलांवर कडा होता.

त्या रात्री येमूने आठही फडकी चुलीत घातली. फडकी जळली. भीती काही जळली नाही.

सकाळी तिने तांब्याभर तेलाऐवजी बुधलाभर घेतलं, दुरपाचा हात धरला आणि दोन डोंगर ओलांडून गणबाचं गाव गाठलं. गणबा अंगणात बसून दारांसाठी बांबूच्या कामट्यांचे झाप विणत होता. रंगांच्या करवंट्या भिंतीशी पालथ्या पडल्या होत्या. येमूने बुधला पुढे ठेवला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. दार लावलं ते, दिवा लावला तो, आणि पाणी मागणाऱ्यावर दार आपटलं तेही.

गणबा आत गेला, आठवं चित्र घेऊन आला आणि उन्हात वर धरलं. पाठमोऱ्याच्या अंगाभोवती, डोक्यापासून पायांपर्यंत, उजेडाची बारीक बारीक टिंबं लागली होती. रेघभर भोकंच भोकं. भोकांच्या कडेचा रंग सुटून पडला होता.

"एका वेळी दोनच फडकी सुईत येतात," तो म्हणाला. "खोऱ्यातल्या प्रत्येक दोन घरांमागे एकदा टोचलंय हे. मला वाटायचं कसर लागली. धुरी द्यायचो."

यातलं एखादं भोक माझ्या घरचं आहे, येमूच्या मनात आलं.

"दादा, हिच्यापुरतं नववं चित्र काढून द्या," ती म्हणाली. "आम्ही दोघी इथेच समोर बसतो."

गणबाने मान हलवली. "नववं चित्र मी मनातून काढत नाही, बाई. आठव्या चित्राला सगळं गाव घाबरतं, तेव्हा त्या गर्दीत कुणीतरी एक जण आपली भीती विसरून शेजारच्याला धरतो. सुईणीने त्या वर्षी परक्या पोराच्या डोळ्यांवर पदर धरला होता. गुराख्याने लंगड्या म्हाताऱ्याचा हात धरला होता. मी तेच तोंड काढतो. राक्षसाला ते तोंड लागलं की लोक हसतात आणि म्हणतात, हात्तिच्या, हा तर आपला. भीती अशी उतरते."

"मग मी हिला धरते. माझं तोंड काढा."

"तुझं?" गणबाने दुरपाकडे पाहिलं. "ही पोर आधीच म्हणते की पाठमोरा आईच्या आवाजात हाक मारतो. त्याला मी आईचं तोंडही देऊ?"

येमूने दुरपाला पोटाशी धरलं. दुरपा आईच्या तोंडाकडे एकटक बघत होती, ते तेच आहे ना, याची खात्री करत.

"गाव घेऊन बस," गणबा म्हणाला. "गाव करी ते राव न करी. मी येतो."

येमू परत आली आणि दारोदार फिरली. पण चोराच्या मनात चांदणं. पाटलाने कानावर हात ठेवले. "सुईवाला? आमच्याकडे नाही बुवा आला." दुसऱ्या घरी म्हणाले, "आम्ही सुया घेतल्या, चित्रं कसली?" सगळं गाव भीतीने पिवळं पडलेलं आणि एकानेही काही पाहिलेलं नाही.

शेवटी येमू मोहाखाली जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मी पाहिलं. फुकट मिळालं म्हणून पाहिलं, दार लावून पाहिलं, पोरीला मांडीवर घेऊन पाहिलं. गणबा पाणी मागत होता, त्याच्यावर दार आपटलं. आता माझी लेक माझ्या हाकेला भिते. तुम्हाला लाज वाटत असेल तर माझ्या लाजेच्या आड बसा, पण बसा."

मग ती शेरभर नाचणी नसलेली म्हातारी काठी टेकत आली आणि म्हणाली, "मीही पाहिलं गं." मग एक घर आलं, मग चार, मग पाटील आला. बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं. म्हातारीने आपल्या अंगणातली दोन जास्वंदीची फुलं आणली होती. निरोप गेला तसा सांजेला गणबा बायकोसह येऊन पोचला; त्याने तीही घेतली आणि पागोट्यात खोवली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी अख्खी टोकवाडी मोहाखाली बसली. टाळ वाजले. गणबा गाऊ लागला आणि फडक्यांवर मेलेली गोष्ट रंगांत उठून बसली. विहीर निळी होती, हे लोकांना आत्ता कळलं. पोराचं आंगडं पिवळं होतं. माणसं एकमेकांना चिकटून बसली होती, पण आता सगळे एकत्र घाबरत होते, आणि एकत्र घाबरण्यात किती धीर असतो ते त्यांना आठवत होतं. सातव्या चित्राला दुरपा थरथरली. शेजारी बसलेल्या पाटलाने, ज्याने कधी कुणाच्या पोराकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, आपलं उपरणं काढून तिच्या खांद्यावर घातलं. गणबाने ते पाहिलं. येमूनेही पाहिलं. आता नववं चित्र पाटलाचं होणार हे ओळखून तिला महिन्याभरात पहिल्यांदा हसू फुटणार होतं.

गणबाने आठवं चित्र उचलून वर धरलं.

वारा काही मोठा नव्हता. मोहाची दोन पानं हलली, एवढाच. पण कागद एकदा थरथरला आणि टोचलेल्या रेघेवरून फाटत गेला. खांद्यावरून, पाठीवरून, पायांवरून. कुणी हात पुढे करायच्या आत पाठमोरा चित्रातून सुटून खाली आला. वाऱ्याने त्याला उचललं. लोकांच्या डोक्यांवरून तो गेला, तोंड पलीकडे केलेला, आणि रानात दिसेनासा झाला.

गणबाच्या हातात चित्राची चौकट उरली. मधे माणसाच्या आकाराचं भोक, आणि भोकातून मागचं रान दिसत होतं.

"दुसरा काढा," पाटील म्हणाला. "गणबा, हवं ते देतो. दुसरा काढा."

"दुसरा काढता येईल," गणबा म्हणाला. "पण तुमच्या घरात शिरलाय तो हाच होता. मी कुणाला वळवू आता? कुणाला तोंड देऊ?"

मग दुरपाने आईचा पदर ओढला आणि हळूच विचारलं, "आई, चित्रात होता तोवर तो चित्रात होता. आता कुठे असेल?"

येमूने तिचा हात घट्ट धरला. माणसं उठली, आणि रानाकडे पाठ होऊ नये म्हणून उलट्या पावलांनी आपापल्या घरी गेली.

गणबा पुन्हा त्या खोऱ्यात आला नाही. बाकीच्या सात चित्रांचे रंगही पावसाळ्यापर्यंत भोकाभोकांतून गळून गेले. तो झाप विणून पोट भरू लागला आणि नव्या गोष्टी त्याच्या पोटातच राहिल्या. सुईवाल्याने पुढच्या साली चक्कर मारली, पण उतरवून घ्यायला चित्रंच नव्हती. तो नुसत्या सुया विकून गेला.

टोकवाडीत मात्र नवी रीत पडली. तिथे कुणी कुणाला मागून हाक मारत नाही. मारली तरी कुणी ओ देत नाही. आधी वळसा घालून समोर जायचं, तोंड बघायचं, मग बोलायचं.

वर्षं गेली. दुरपा मोठी झाली, लेकुरवाळी झाली. येमू म्हातारी झाली आणि खाटेला खिळली. एके सकाळी तिला कळलं की आता आपली वेळ भरली. तिने होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली, "दुरपा."

दुरपा खाटेमागच्या परसात होती, भिंतीपलीकडे, चार हातांवर. तिने हाक ऐकली. आईचाच आवाज होता. पण ओ द्यायला तिचं तोंड उघडेना. रीतीप्रमाणे ती निघाली, घराला वळसा घालून, पुढच्या दाराने, आईचं तोंड आधी बघायला.

तेवढ्या वळशात आई गेली होती.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: कारागिराला पाठ दाखवून चोरून पाहिलेली गोष्ट आपल्याला तिची भीती तेवढी देते, उतारा देत नाही.